चौकशीचा कागद

कचेरीतून कागद वेळेवर येत नाही, ही तक्रार मी अडतीस वर्षांच्या नोकरीत इतक्या वेळा केली आहे, की तिचे शब्द मला संध्येच्या चोवीस नावांसारखे पाठ झाले आहेत. वेतनश्रेणीचा कागद, रजेचा कागद, शेवटी निवृत्तिवेतनाचा कागद. प्रत्येकासाठी मी हेलपाटे घातले, आणि प्रत्येक वेळी घरी येऊन मंडळींपुढे सरकारच्या नावाने बोटे मोडली. एखादा कागद लवकर येऊ नये म्हणून मी स्वतः खटपट करीन, असे भविष्य कोणी वर्तविले असते, तर त्या ज्योतिष्यास मी दक्षिणा न देताच वाटेला लावले असते. परंतु तसे घडले खरे. तो कागद बंदुकीच्या परवान्याचा होता.

मास्तरकी करणाऱ्याच्या घरी बंदूक कशी, असे वाचकांस वाटेल. आमचे घर भोकरचे. शेत मात्र तेथून काही कोसांवर एका खेड्यात, सागाच्या रानाला लागून आहे. हा सारा जुना निजामी मुलूख. आजोबांकडे त्या खेड्याचे पटवारीपण होते. १९४८ सालचे रझाकारांचे दिवस त्यांनी बायकामुलांसह तेथेच काढले. रात्री दारावर थाप पडली तर घरात काठीखेरीज काही नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान शरण आले, आणि त्यानंतर दोनतीन वर्षांनी आजोबांनी रीतसर परवाना काढून बारा बोअरची दुनळी बंदूक घेतली. माणसावर ती कधी चालली नाही. रानडुकरेही तिने फारशी लोळविली नाहीत. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तर वनखात्याच्या परवानगीवाचून तशी सोयच उरली नाही. सोयाबीन दाण्यात आले किंवा ज्वारी हुरड्यावर आली, म्हणजे रात्री माळ्यावरून आभाळाकडे एक बार काढावयाचा, एवढेच तिचे काम. दसऱ्याला तिला हळदकुंकू वाहात, आणि आई स्वतः ओवलेली झेंडूची माळ घालीत असे. आजोबांमागून ती वडिलांच्या नावे झाली, वडिलांमागून दादांच्या, म्हणजे माझ्या वडील बंधूंच्या.

आता सन २०२० कडे येतो. मार्चच्या २५ तारखेपासून सर्व देश बंद झाला. मुदखेड-आदिलाबाद मार्गावरील गाड्या थांबल्या. जन्मापासून ज्या शिटीवर आमच्या घरची घड्याळे लावली जात, ती शिटी बंद पडली, आणि पहाटे काहीतरी हरवल्यासारखे वाटू लागले. दादांचा एकुलता एक मुलगा पुण्यास एका कारखान्यात हिशेबनीस होता. त्याची नोकरी जून महिन्यात गेली. त्याने हे आम्हांस ऑगस्टपर्यंत कळविले नाही. खोलीत एकटा राहून साठवलेल्या पैशांवर दिवस काढीत होता. सप्टेंबरच्या २ तारखेपासून जिल्ह्याबाहेर जाण्यास लागणारा ई-पास रद्द झाला, आणि पितृपंधरवडाही त्याच दिवशी सुरू झाला. दादा म्हणाले, पक्षाला पोराला बोलवा. दूरध्वनी मी केला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो: दूरध्वनी मी केला, आणि "ये, आता रस्ते मोकळे झाले आहेत," हे शब्द माझे होते.

तो आला. पाचव्या दिवशी दादांना ताप भरला. दहाव्या दिवशी त्यांना नांदेडास नेले, आणि १५ सप्टेंबरला ते गेले. देह घरी आला नाही. त्या वर्षी सर्वपित्री अमावास्या आणि मुक्तिदिन एकाच दिवशी, १७ सप्टेंबरला आले. सगळीकडे मोजक्या माणसांत झेंडावंदन झाले, आणि आमच्या घरी वाड्याचे दार बंद होते. पुतण्याला स्वतःला ना ताप आला, ना खोकला. पुढे तपासणीत त्याला दोष सापडला की नाही, हेही आता मला नीट आठवत नाही. परंतु "मी आणला, काका," हे वाक्य त्याने तेराव्याच्या आदल्या रात्री मला सांगितले, आणि त्यावर मी काय उत्तर दिले ते मात्र पक्के आठवते. मी म्हणालो, "झोप आता." चारचौघांस शहाणपण शिकविण्यात ज्याचा जन्म गेला, त्याला ऐन वेळी एवढेच सुचले.

परवानाधारक मृत्यू पावला, की त्याचे हत्यार घरात ठेवणे हा गुन्हा होतो. ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानेदार विक्रेत्याकडे विनाविलंब जमा करावे लागते. तेरावा झाल्यावर मी बंदूक पासोडीत गुंडाळली, काडतुसे मोजून डब्यात घातली आणि ठाण्यात देऊन पावती आणली. (ठाण्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.) बंदूक देताना मला वाईट वाटले हे खोटे कशाला सांगू? घरातील आणखी एक वडील माणूस पोहोचवून आल्यासारखे वाटले.

मग वारसाच्या नावे परवाना व्हावा म्हणून अर्ज केला. खरे म्हणजे हे दादांच्या हयातीतच होण्यासारखे होते. धारकाने सत्तरी गाठली किंवा हत्यार पंचवीस वर्षे बाळगले, तर त्याला जिवंतपणीच ते वारसास देता येते, असे २०१६ च्या नियमांत आहे. दादा "पुढच्या वर्षी पाहू" म्हणत राहिले. आता मृत्यूचा दाखला, इतर वारसांची संमतिपत्रे, अर्जदाराच्या प्रकृतीचा वैद्यकीय दाखला, आणि सर्वांत मुख्य म्हणजे पोलिसांचा चौकशी अहवाल, इतके कागद जमणे आले. ज्या डॉक्टरांनी दाखला द्यावयाचा, ते सकाळपासून रात्रीपर्यंत तापाच्या रोग्यांत. ज्या शिपायाने चौकशीला यावयाचे, तो नाक्यावर तोंड बांधून उभा. नोव्हेंबर गेला, संक्रांत गेली. मी तीन स्मरणपत्रे लिहिली. तिसऱ्यात तर "रानडुकरे शासनाच्या अहवालाची वाट पाहात नाहीत" असे एक वाक्य घातले होते, आणि ते मी घरात सर्वांस वाचून दाखविले.

विलंबाची झळ आम्हांलाच लागत होती असे नाही. आमच्या ओळखीचे एक निवृत्त सैनिक स्वतःच्या परवान्याच्या बंदुकीवर एका पेढीच्या दारी पहारा करीत. त्यांच्या नूतनीकरणाचा कागद अडकला, बंदूक जमा करावी लागली, आणि बंदूक नाही म्हणून पहाराही गेला. आठ महिने तो गृहस्थ, ज्याने सीमेवर चाकरी केली, मुलाच्या पानपट्टीवर बसून सुपारी कातरीत होता. डिसेंबर २०१९ मध्ये हत्यारांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन परवान्याची मुदत तीन वर्षांची पाच झाली, हे पुढच्यांचे सुदैव. ज्यांची जुनी मुदत नेमकी त्या काळात संपली, त्यांना त्याचा काय उपयोग?

साथ आणि बंदूक यांचा संबंध आपल्या प्रांतात जुनाच आहे. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो कायदा हाती घेतला, तो प्लेगच्या वेळचा, १८९७ सालच्या फेब्रुवारीतला. आणि त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री पुण्यास गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर पिस्तूल झाडले गेले. इंग्रजांचा १८७८ चा हत्यारांचा कायदा तेव्हा चांगला एकोणीस वर्षांचा होता. चापेकर बंधूंनी अर्थात कोणाकडे अर्ज केला नव्हता. ही गोष्ट मी वर्गात पुष्कळदा सांगितली आहे. परंतु साथ ही घराघरांत शिरून माणसांच्या मनाचे काय करते, आणि अशा वेळी हाताशी हत्यार असणे म्हणजे काय, हा विचार ती सांगताना मला कधी शिवला नव्हता.

संमतिपत्रांपैकी एक दादांच्या मुलीचे हवे होते. ती न्यू जर्सीत राहते. तेथून तो कागद साक्षांकित होऊन येण्यास तीन महिने लागले. त्या निमित्ताने तिच्याशी वारंवार बोलणे होई, आणि बंदुकीचा विषय निघाल्यामुळे तिने तिकडची हकीकत सांगितली. साथ सुरू होताच आपल्याकडे लोक पीठमिठाच्या दुकानांपुढे उभे राहिले; तिकडे त्यासोबत बंदुकीच्या दुकानांपुढेही रांगा लागल्या. तेथे गिऱ्हाईकाची चौकशी एफबीआयच्या यंत्रणेतून दुकानात उभ्या उभ्या होते. ही पद्धत १९९८ पासूनची. मार्च २०२० ह्या एका महिन्यात अशा चौकश्या सदतीस लाखांवर गेल्या आणि त्या सबंध वर्षात तीन कोटी सत्त्याण्णव लाखांच्या घरात. तिच्या राज्यात तर मार्चमध्ये ही दुकाने बंदच केली होती. पुढे वॉशिंग्टनच्या सरकारने त्यांची गणना अत्यावश्यक धंद्यांत केली, आणि महिनाअखेर ती उघडली. मी म्हणालो, "पाहा, त्यांचे काम उभ्या उभ्या होते, आणि आमच्याकडे सहा महिने!" ती काही वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, इतकी घाई कशाला आहे? दादा बरा आहे ना?" तिच्या बोलण्यात दादा म्हणजे तिचा भाऊ. मी बरा आहे म्हणालो.

एप्रिल २०२१ मध्ये दुसरी लाट आली. १४ तारखेपासून राज्यात पुन्हा संचारबंदी, आणि पुढच्या आठवड्यापासून सरकारी कचेऱ्यांत शंभरांत पंधराच माणसे. कागद आता विसरावा, असे मी मनाशी ठरवीत होतो, तोच एका दुपारी ठाण्यातून दूरध्वनी आला.

"गुरुजी, मी बोलायलो. सातवीला तुमच्या हाताखाली होतो."

हवालदार माझाच विद्यार्थी निघाला. त्याने सांगितले, की समक्ष येण्याची सोय नाही, वरून कागद मागताहेत, तेव्हा तुम्हीच दूरध्वनीवर सांगा, मी अहवाल लिहितो. अर्जदारावर गुन्हा? नाही. भाऊबंदकीचा दावा? नाही. दारू? नाही. गावात कोणाशी वैर? नाही. मी झरझर उत्तरे देत होतो. सहा महिन्यांच्या तपश्चर्येचे फळ पदरात पडण्याची वेळ आली होती.

"आणि गुरुजी, हत्यार कशाला पाहिजे ते एक लिहायचं आहे. पीकसंरक्षण लिहू?"

माझ्या तोंडून "हो" निघावयाचा, तेवढ्यात दृष्टी खिडकीतून बाहेर गेली. वैशाख तोंडावर आला होता. सोयाबीन दसरा-दिवाळीतच निघाले होते, ज्वारी-हरभरा फाल्गुनात घरी आला होता, रानात नुसती ढेकळे पडली होती. राखावयास काही नव्हते. आणि तरीसुद्धा गेला महिनाभर पुतण्या दररोज न चुकता मला विचारीत होता, "काका, बंदुकीचं काही कळलं?" पीक उभे असताना त्याने एकदाही विचारले नव्हते. डुकरांची काळजी तेव्हा मीच वाहात होतो. आता शेत उघडे पडल्यावर त्याला बंदुकीची निकड लागली होती. तो रात्री झोपत नाही, हे मला ठाऊक होते. वहिनी त्याच्या खोलीच्या उंबऱ्याशी चटई टाकून निजतात, हेही मी पाहिले होते, आणि उकाड्यामुळे निजत असतील अशी स्वतःची समजूत घातली होती. हे सारे जिन्नस महिनाभर माझ्या डोळ्यांपुढे सुटे सुटे पडले होते. हवालदाराच्या एका प्रश्नाने त्यांची मोट बांधली गेली.

मी म्हणालो, "मुलगा सज्जन आहे. पण त्याला झोप नाही."

पलीकडे क्षणभर शांतता. मग तो म्हणाला, "गुरुजी, कागदात झोपेचा रकाना नाही."

"मग ते खाली लिही," मी म्हणालो, "आणि माझे नाव घाल."

त्याने काय लिहिले, हे मी पुढे कधी विचारले नाही. अहवाल वर गेला नाही, एवढे मात्र दिसले. मला हायसे वाटले. परंतु ते फार दिवस टिकले नाही. माझा दुसरा एक विद्यार्थी वकिली करतो. सहज म्हणून त्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, की पोलिसांचा अहवाल ठराविक मुदतीत आला नाही, तर परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास त्याची वाट न पाहता निर्णय करता येतो. १९५९ च्या कायद्याच्या तेराव्या कलमातच तशी मुभा आहे. म्हणजे न बोलणे हा काही अडसर नव्हे. पुतणीने सांगितलेली अमेरिकेतील गोष्ट मला त्या वेळी आठवली. तिकडे तीन कामाच्या दिवसांत उत्तर न आल्यास दुकानदारास बंदूक देऊन टाकण्याची मोकळीक असते. २०१५ च्या एप्रिलमध्ये एका तरुणाची चौकशी अशीच रेंगाळली; त्याचा आधीचा गुन्हा कोणत्या ठाण्याच्या दप्तरात आहे, ह्याचा घोळ झाला होता. तीन दिवस उलटले, बंदूक त्याच्या हाती पडली, आणि १७ जूनला त्याने चार्ल्सटन येथील प्रार्थनामंदिरात नऊ माणसे मारली. ती उदाहरणे निराळी, आमचे पोर निराळे. माझ्या पुतण्याने कोणाच्या केसासही धक्का लावला नसता. माझी भीती दुसऱ्या कोणाकरिता नव्हती.

दोन रात्री विचार करून मी पत्र लिहिले. अर्जदार माझा पुतण्या असून पितृशोकामुळे त्याचे चित्त स्वस्थ नाही, सबब अर्ज काही काळ स्थगित ठेवावा, अशी विनंती केली. इंग्रजीत लिहिले असते तर हात इतका कापला नसता. आपल्या भाषेत आपल्या मुलाविरुद्ध लिहिताना प्रत्येक अक्षर चहाडीसारखे दिसत होते. ज्या घरात एकमेकांची उणी झाकणे हाच धर्म मानला, त्या घरचा कर्ता पुरुष सरकारदरबारी कळवितो, की आमचे पोर ठीक नाही! आणि हे त्याला न सांगता. त्याला विश्वासात घ्यावयास हवे होते असे आज म्हणता येईल. तेव्हा माझी छाती झाली नाही.

घरात मात्र तेव्हापासून मी बदललो. नांदेडच्या एका मनोविकारतज्ज्ञांशी दूरध्वनीवरून बोलणे करून दिले. पहिले औषध मानवले नाही, दुसरे मानवले. "लोक काय म्हणतील" हा प्रश्न वहिनींनी काढला नाही, तो मीच काढला होता, आणि त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की मी तो परत कधी काढला नाही. रात्री त्याला झोप येईपर्यंत मी ओट्यावर त्याच्याजवळ बसू लागलो. बोलण्यास विषय सुचेना, म्हणून महाभारत काढले. दुसरे मला येते काय?

शांतिपर्वात चिरकारीचे आख्यान आहे. भीष्माने युधिष्ठिरास सांगितलेले. गौतमाचा हा मुलगा जात्याच मंद. उठावयास वेळ, बसावयास वेळ, म्हणून त्याचे नावच चिरकारी पडले. बाप एकदा पत्नीवर रागावला, आईला मार अशी मुलाला आज्ञा केली, आणि रानात निघून गेला. मुलगा शस्त्र हाती घेऊन विचार करीत उभा राहिला: बापाची आज्ञा मोठी, की आईचे प्राण मोठे? त्याच्या स्वभावाप्रमाणे विचार पुष्कळ लांबला. इकडे बापास पश्चात्ताप झाला, तो धावत परत आला, आणि पाहतो तो बायको जिवंत. मुलाने शस्त्र खाली टाकून पायांवर डोके ठेवले. मी ही कथा पाठशाळेत असताना शिकलो आणि पुढे कितीतरी मुलांस शिकविली. सांगून झाल्यावर मी थोडा वेळ थांबलो, अर्थात माझ्या मनात काय होते ते वाचकांस ठाऊकच आहे.

पुतण्या बराच वेळ अंधारात पाहात होता. मग म्हणाला, "काका, आणि बाप परत आलाच नसता तर?"

मला उत्तर आले नाही. अजूनही येत नाही. त्याचा बाप परत येणार नव्हता, हे त्या प्रश्नात होते की काय, कोण जाणे. परंतु सात महिन्यांत प्रथमच त्याने मला प्रश्न विचारला होता, बंदुकीवाचून दुसऱ्या कशाविषयी. दुसऱ्या रात्री तो आपण होऊन ओट्यावर आला.

दिवाळीपर्यंत त्याची झोप परतली. पुढच्या जूनमध्ये मृगाच्या पावसावर त्याने स्वतः हळद लावून घेतली. आमच्या घरी कोणी चिखलात उतरून शेती केली नव्हती. आता तो हिशेबाच्या वह्या आणि वखर दोन्ही सांभाळतो. अर्ज मी स्थगित करविला होता तसाच २०२२ मध्ये दुसऱ्या पत्राने चालविला. नवा हवालदार ह्या वेळी समक्ष आला, ओट्यावर बसला, चहा घेतला, शेजाऱ्यांस विचारले, आणि महिनाभरात परवाना झाला. बंदूक घरी आली त्या रात्री मला झोप लागली नाही. वहिनींनी कपाटाची किल्ली मागून घेतली आणि आपल्या जुडग्यात अडकविली. सकाळी चहा देताना त्या म्हणाल्या, "भावजी, मागच्या खेपेला कागद अडकला होता, तो आपोआप अडकला नव्हता ना?" मी पेल्यात पाहात राहिलो. त्यांनीही पुन्हा विचारले नाही.

पुतण्याला मात्र यातले काही माहीत नाही. तो अजूनही मधूनमधून पाहुण्यांस सांगतो, की काकांनी परवान्यासाठी किती स्मरणपत्रे लिहिली, आणि रानडुकरांचे ते वाक्य म्हणून दाखवितो. सगळे हसतात, मीही हसतो. हे मासिक आमच्या घरी येते आणि प्रथम तोच फोडतो. हा मजकूर टपालात टाकण्यासाठी उद्या मी त्याच्याच हाती देणार आहे. पाकीट मी चिकटविलेले नाही.